४००००७ चे मूळ अवयव हाताने कसे काढावेत

ग्रँट रोडचा पिनकोड ४००००७ सरावाला फार छान आहे.

शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ११, म्हणून ३ बाद. आता उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ४०० आणि ००७. इथे सहा अंक आहेत म्हणून डावीकडूनही हेच गट येतात, पण अंकांची संख्या तीनच्या पटीत नसेल तर डावीकडून पाडल्यावर पुढचं सगळं चुकतं. गटांची वजाबाकी ३९३; तिला ७, ११, १३ ने भाग जात नाही, म्हणून ४००००७ लाही जात नाही (१००१ = ७ × ११ × १३). गटांची बेरीज ४०७ = ३७ × ११. ९९९ ला ३७ ने भाग जातो, त्यामुळे ४००००७ लाही जातो. इतकी देखणी कसोटी शाळेत शिकवायलाच हवी! ११ मात्र बेरजेवरून ठरवू नका, त्याला वजाबाकीच लागते.

४००००७ ÷ ३७ = १०८११. इथे मर्यादा बदला (भागून पाहायचं ते फक्त वर्गमूळापर्यंत): आधी वर्गमूळ ६३२ च्या पुढे होतं, आता १०३ पर्यंतच तपासायचं. हे विसरलं की तासभर फुकट भागाकार होतात. १७ ने बाकी उरते, १९ ने ५६९ मिळतात. ५६९ साठी मर्यादा २३. १९ आणि २३ ने भाग जात नाही, म्हणजे ती मूळ संख्या.

४००००७ = १९ × ३७ × ५६९. विभाजक २ × २ × २ = ८, त्यांची बेरीज २० × ३८ × ५७० = ४३३२००.