नगरपंचायत हवी? मग या चुका टाळा

ग्रामसभेत ठराव झाला, पेढे वाटले आणि प्रस्ताव मंत्रालयात धूळ खात पडला, असं बऱ्याच गावांचं होतं. पुढाऱ्यांना दोष देण्याआधी कागद तपासा.

सगळ्यात जास्त घोळ लोकसंख्येत होतो. १९६५ च्या नगरपरिषद-नगरपंचायत अधिनियमात नगरपंचायतीसाठी १० हजार ते २५ हजार लोकसंख्या धरली आहे. लोक मतदारयादी, रेशनकार्डं, नव्या सोसायट्यांचे फ्लॅट मोजून आकडा लावतात. पण राज्यघटनेनुसार लोकसंख्या म्हणजे आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेतली, म्हणजे सध्या तरी २०११ ची. तेव्हा आठ हजारांचं असलेलं गाव आज दुप्पट झालं तरी कागदावर आठच. ‘शेजारचं गाव आमच्याहून लहान, त्याचं कसं झालं?’ हा प्रश्न हमखास येतो. ते तालुक्याचं ठिकाण असेल. २०१४ मध्ये तालुका मुख्यालयांना नगरपंचायती देण्याचं धोरण आलं, त्याचा दाखला इतर गावांना चालत नाही.

दुसरा गोंधळ ‘एनए’चा, म्हणजे बिगरशेतीचा. कायद्याला बिगरशेती रोजगार पाहायचा असतो, बिगरशेती प्लॉट नव्हे. नगरपरिषदेसाठी २५ हजार लोकसंख्येबरोबर किमान ३५ टक्के रोजगार शेतीबाहेरचा लागतो. तिथे ले-आउटचे नकाशे जोडून काय उपयोग? किती लोक कारखान्यात, दुकानात, नोकरीत आहेत ते दाखवा.

जनगणनेत गावाला ‘शहर’ म्हटलंय, हेही पुरेसं नाही. पाच हजार लोकसंख्या, चौरस किलोमीटरला ४०० ची घनता आणि ७५ टक्के पुरुष कामगार शेतीबाहेर, एवढ्यावर जनगणना खातं तो शिक्का मारतं. कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो.

नगरपंचायतीची प्रारूप (कच्ची) अधिसूचना निघाली की हरकतींसाठी किमान ३० दिवस मिळतात, आणि नेमके तेच दिवस लोक पारावरच्या चर्चेत घालवतात. तोंडी विरोध कुठेच नोंदला जात नाही. वाडी-वस्ती हद्दीत नको असेल किंवा सुटली असेल, तर गट नंबर लिहा, नकाशाची प्रत जोडा, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. शंभर सह्यांच्या मोघम निवेदनापेक्षा गट नंबर असलेला एक अर्ज जास्त वजनदार ठरतो, असं माझं मत.

खर्चाचा हिशेब मात्र आधीच करा. ग्रामीण रोजगार हमीची कामं आणि ग्रामीण घरकुल यादी शहरी हद्दीत चालत नाहीत. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली. मिळकतकर आणि सोयींवरून नाराजी इतकी वाढली की २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. नगरपंचायतीचा कर महापालिकेएवढा नसेल, पण ग्रामपंचायतीएवढाही राहणार नाही.

सरपंचांची मुदत शिल्लक असली तरी स्थापनेबरोबर ग्रामपंचायत संपते. निवडून द्यायचे १७ नगरसेवक येईपर्यंत प्रशासक कारभार पाहतो. तेव्हा नमुना ८ च्या, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घरनोंदीच्या उताऱ्यावर घरमालकाचं नाव, घराचं क्षेत्रफळ चुकलं असेल, वारसनोंद राहिली असेल, तर ग्रामसेवक ओळखीचे आहेत तोवरच दुरुस्त करून घ्या. दप्तर हस्तांतरित झालं की तीच दुरुस्ती नव्या कार्यालयात, नव्या अर्जाने, नव्या रांगेत.