पॉवर चांगली, तरी नेट जातंय? स्प्लिटरच्या या चुका टाळा

फायबरच्या लाइनीत नवीन आलेल्या पोरांना एका फायबरच्या अनेक फायबरी करणारा स्प्लिटर म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड वाटतो. रिकामी जागा दिसली की खुपस पिन, नाही दिसली की अजून एक बोर्ड जोड. अरे पण बोर्डाच्या प्रत्येक सॉकेटला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात, स्प्लिटरमध्ये आलेला प्रकाशच वाटला जातो आणि वाटताना थोडा वायाही जातो. एवढं डोक्यात बसलं तर निम्म्या कंप्लेंट येणारच नाहीत, पण ऐकतो कोण, सगळ्यांना संध्याकाळच्या आत कनेक्शन चालू करून ग्रुपवर फोटो टाकायचा असतो.

स्प्लिटरला स्प्लिटर जोडत जाणं

ही माझी सगळ्यात नावडती. १:२ ला (एकाचे दोन) साधारण साडेतीन डीबी (प्रकाश किती घटला ते मोजायचं माप) जातात, १:४ ला सात-सव्वासात, १:८ ला साडेदहा, १:१६ ला चौदाच्या आत, १:३२ ला सतरा. आता ओएलटीच्या (ऑपरेटरकडची मुख्य मशीन) बी प्लस एसएफपीमधून (तिच्यातलं प्रकाश सोडणारं मॉड्यूल, बी प्लस हा त्याचा वर्ग) समजा +३ डीबीएम पॉवर निघाली. पुढे १:८, त्याच्यापुढे परत १:८, झाले २१. सहा किलोमीटर फायबर, किलोमीटरला ०.३५ धरा, म्हणजे दोन, कनेक्टर आणि जॉइंट मिळून अजून दोन. पंचवीस गेले, गिऱ्हाइकाकडे -२२ आले. मस्त. मग शेजारचे काका म्हणतात मलाही पाहिजे, स्प्लिटरचा आउट (बाहेर जाणारं तोंड) शिल्लक नाही, पोरगा बॅगेतून १:२ काढतो आणि दाराबाहेरच ठोकतो. आता -२५.५. ओएनटीची (गिऱ्हाइकाच्या घरातला डबा) खालची हद्द -२७ ची, त्यामुळे दोन्ही घरात नेट चालू, आणि वर मलाच ऐकवतो, "चाललं की भाऊ!"

चाललं, पण खालच्या दिशेनं, म्हणजे ओएलटीकडून घराकडे. वर जाणाऱ्या सिग्नलचं काय? बऱ्याच जणांना वाटतं की वर जाताना आठाचं एक होतं, मग तिथं कसला लॉस. तसं नाही. स्प्लिटर येताना जेवढं खातो तेवढंच जातानाही खातो. आणि ओएनटीचा लेझर +०.५ ते +५ मध्ये कुठंही असू शकतो. तुमच्या नशिबाला +०.५ वाला आला तर २८.५ डीबी लॉसमधून वर पोचतात -२८, म्हणजे ओएलटीला जेमतेम ऐकू येईल एवढंच. पावसाळ्यात जॉइंटच्या डबीत पाणी शिरलं की तेही नाही. मग काकांचं चालू आणि शेजाऱ्याचं बंद, दोघांच्या ओएनटीवर रीडिंग सारखंच, आणि पोरगा ओएनटी बदलत बसतो.

माझा नियम पुस्तकातला नाही, सवयीचा आहे. नवीन आउट द्यायच्या आधी गिऱ्हाइकाकडे -२४ च्या आत येणार का ते कागदावर बेरीज करून बघायचं, आणि डबीच्या झाकणाला आतून मार्करनं इन किती, आउट किती, तारीख काय ते लिहायचं. पोरं हसतात. हसू देत.

रिकामा आउट दिसला म्हणून काहीही लावणं

एका तालुक्याच्या गावात एका ऑपरेटरकडे ओएलटीच्या एकाच पॉन पोर्टवरची (एका फायबरवर अनेक घरं चालवणारं तोंड) सगळी गिऱ्हाइकं एकदम चालू-बंद व्हायला लागली. पॉवर बघावी तर सगळीकडे -२०, -२१. त्यांच्या माणसांनी एसएफपी बदलला, मेन जॉइंट तोडून परत मारले, शेवटी स्प्लिटरच नवीन टाकला आणि होते तेच पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेले फायबरचे तुकडे) त्याच क्रमानं परत लावले, म्हणजे रोग परत जिथल्या तिथं. मी गेलो तेव्हा जॉइंट मारायची मशीन उघडायलाही मनाई केली. एकाला ओएलटीच्या स्क्रीनसमोर बसवलं आणि स्प्लिटरचे आउट एकेक काढून परत लावत गेलो. शेवटचा काढला आणि सगळे ओएनटी स्थिर. काढलेल्या फायबरला मीटर लावला, १३१० वर (नॅनोमीटर, वर जाणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी) धडधडीत पॉवर.

इथंच चोर सापडतो, कारण जीपॉनचा (आपली ही फायबर पद्धत) ओएनटी वरून १४९० चा प्रकाश आला आणि ओएलटीनं वेळ दिली तरच बोलतो, तेही आपल्या वाट्याच्या क्षणापुरतं. फायबर काढली की तो गप्प बसायला पाहिजे. गप्प बसत नाही म्हणजे एकतर ओएनटी बिघडलाय, नाहीतर तो ओएनटीच नाही. ती फायबर धरून गेलो तर एका गोडाऊनच्या सीसीटीव्हीचा मीडिया कन्व्हर्टर (वायरचा सिग्नल प्रकाशात बदलणारा डबा) निघाला, जो अखंड १३१० फेकत होता. डबी आवरताना कुणीतरी त्याची सरळ गेलेली कोअर (केबलमधली एक फायबर) स्प्लिटरच्या रिकाम्या आउटला खोचली होती. खालचा सिग्नल धडधाकट, म्हणून मीटर सगळीकडे छान दाखवणार, आणि वर मात्र एकजण सतत ओरडतोय म्हटल्यावर ओएलटीला बाकीच्यांचं काय ऐकू येणार. गोडाऊनचे कॅमेरेही तेवढे दिवस बंदच होते, ते कुणी बघितलं नव्हतं हा वेगळा विषय.

कपलर लावणाऱ्यांसाठी

रस्त्यानं एकच कोअर नेत ५:९५, १०:९० असे कपलर (प्रकाश असमान वाटणारे स्प्लिटर) टाकत जाणारे आपल्याकडे खूप, केबल टीव्हीची सवय आहे ती. पद्धत वाईट नाही, पण ओएलटीजवळ छोटा टक्का आणि लांब गेल्यावर मोठा, हा क्रम उलटा केला की शेवटच्या पोलवाल्याला काही उरत नाही. १०:९० मध्ये दहाच्या बाजूला साडेदहा-अकरा डीबी जातात, नव्वदच्या बाजूला पाऊण. दोन्ही वायरी उलट्या लागल्या तर अख्खी गल्ली अंधारात आणि एका घरात ओएनटी भाजून निघेल एवढी पॉवर, हे मी बघितलंय. आणि जुना स्टॉक स्वस्त मिळतो म्हणून फक्त १३१०/१५५० चा कपलर घेऊ नका, १४९० वर त्याचा टक्का लिहिल्याप्रमाणे येईलच असं नाही.

बाकीच्या पटापट

हिरवा कनेक्टर हिरव्यातच, निळा निळ्यातच. हिरव्याचं तोंड ८ अंशात तिरकं घासलेलं असतं, निळ्यात घातला तर बसतो पण टेकत नाही, मधे फट राहते.

मीटर १४९० वर ठेवलाय का ते आधी बघा, मग कंपनीला शिव्या घाला.

तोंडानं फुंकर मारून कनेक्टर साफ होत नाही, ओला होतो. क्लिनर पेन घ्या.

उरलेली ड्रॉप वायर छोटा गुंडाळा करून खिळ्याला अडकवू नका. साध्या जी ६५२ फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण सोसत नाही.

ओएनटी तपासायला थेट ओएलटीच्या पोर्टला पॅचकॉर्ड लावणाऱ्यांनो, त्याची वरची हद्द -८ आहे आणि तुम्ही +३ देताय. पॉवर कमी करायला मधे २० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर टाका, नाहीतर एखादा जुना १:३२ स्प्लिटर टाका, माझ्या बॅगेत तोच असतो.