टच गेला, फोन नाही गेला

परभणीत वसमत रोडला माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की मळणीयंत्रापाशी पडलेले फोन रोज येतात. परवा एक मामा आले. चित्र स्वच्छ दिसत होतं, बोटाला मात्र दाद नाही. “सातबाऱ्याचे फोटो गेले म्हणा की!” गेले नव्हते.

स्क्रीन म्हणजे एकावर एक दोन वस्तू बघा: वरचा थर बोटाचा स्पर्श ओळखतो, खालचा चित्र दाखवतो. इथं वरचाच मेला होता. अशा वेळी ओटीजी जोडणी घ्यायची, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या भोकात माउससारखी यूएसबी वस्तू लावता येते ते छोटं अडॅप्टर. चार्जिंगचं भोक टाइप-सी आहे का जुनं मायक्रो, ते बघूनच. तिच्यात संगणकाचा साधा वायरवाला माउस लावा. पडद्यावर बाण दिसला की काम झालं. डावं बटण म्हणजे बोट. पॅटर्न काढताना ते दाबूनच ठेवायचं, मध्येच सोडलं की पुन्हा पहिल्यापासून. उजवं बटण बहुतेक अँड्रॉइड फोनांत मागे नेतं.

बाण आलाच नाही तर? काही फोनांत ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं, आणि टच नसताना ते करणार कसं! म्हणून फोन धड असतानाच एकदा लावून बघा. आणि आधी फोन पूर्ण चार्ज करा, कारण भोक एकच आणि माउसही फोनचीच बॅटरी खातो. फोटो संगणकावर घ्यायची केबल लावायला जागा उरत नाही, तेव्हा फोटो वायफायवरून गूगल ड्राइव्हला चढवा.

पडदाच काळा असेल तर माउस काय कामाचा? आधी डिस्प्ले बदला.