छोट्या कुत्र्याचे पाय अचानक गेले? पहिल्या दोन दिवसांत या चुका टाळा

‘लकवा मारला’ हे निदान घरच्या घरी होतं आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. लकवा म्हटला की उपचारही ठरलेले: कोमट तेलाची मालिश, बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं आणि ‘होईल हळूहळू’. छोट्या जातीच्या कुत्र्यात हे ‘हळूहळू’ फार महागात पडतं. मागचे पाय जाणं हे लक्षण आहे, आजार नाही. त्यामागे अनेक कारणं असू शकतात, आणि त्यातली काही अशी असतात की आज गेलात तर कुत्रा पुन्हा चालतो, परवा गेलात तर कदाचित नाही.

कारण शोधणं डॉक्टरांवर सोडा. घरातल्यांची कामं दोनच: नुकसान वाढू द्यायचं नाही आणि नेमकं काय दिसलं ते सांगायचं.

सगळ्यांनी एकेकदा उभं करून बघणं

आई बघते, दादा बघतो, मग शेजारचे काका येतात आणि तेही पोटाखाली हात घालून उभं करतात. प्रत्येक वेळी कुत्रा कोसळतो आणि पाठीला हिसका बसतो. त्याऐवजी एकदाच, तो आपणहून हलत असताना मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या आणि मग त्याला जागेवरच ठेवा. दवाखान्यात गेल्यावर घाबरलेला कुत्रा वेगळाच वागतो, त्यामुळे घरचा व्हिडिओ डॉक्टरांना खरोखर उपयोगी पडतो. पाय लुळे आहेत की ताठ, दोन्ही गेलेत की एकाच बाजूचा, पंजा उलटा पडून वरची बाजू फरशीला घासतेय का, पाठ कमानीसारखी वर आलीय का, हे सगळं त्यात दिसतं.

दोन वेळा कागदावर लिहून ठेवा: शेवटचा नीट चालताना कधी पाहिला आणि शेवटची शू कधी केली. दुसरा प्रश्न बहुतेकांना सुचतही नाही. तो का महत्त्वाचा ते पुढे येईल.

पाठीचा आजार पायात शोधणं

डॅशहाउंड, पेकिनीज, शित्झू, ल्हासा ॲप्सो, फ्रेंच बुलडॉग, बीगल, कॉकर स्पॅनियल. यांपैकी कुणी घरात असेल आणि पाय अचानक गेले असतील, तर पहिला संशय मणक्यांमधल्या गादीवर घ्यायचा. या जातींमध्ये गादी फार लवकर, कित्येकदा वर्ष-दोन वर्षांच्या वयातच, कडक आणि चुनखडीसारखी व्हायला लागते. २०१७ मध्ये संशोधकांनी १२व्या गुणसूत्रावरच्या एका जास्तीच्या जनुक-प्रतीशी याचा संबंध दाखवून दिला. पाय आखूड होण्यामागेही त्याच जनुकाच्या अशा प्रतींचा हात आहे. म्हणजे ज्या ठेंगणेपणासाठी आपण हे कुत्रं घेतो, त्याच्यासोबत ही पाठ येते.

मग एक दिवस ती कडक गादी फुटते आणि तिच्यातला ऐवज वर मज्जारज्जूवर, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या नसांच्या दोरीवर, आदळतो. बहुतेक वेळा हे छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात त्या भागात घडतं, वय साधारण तीन ते सात. उडी मारताना होतं तसं नुसतं आळस देतानाही होऊ शकतं. त्यामुळे ‘कुठे पडला नाही, मार लागला नाही, मग मणका कसा?’ या प्रश्नाला अर्थ नाही.

आणि ‘अचानक’ हाही शब्द जरा तपासून बघा. आदल्या काही दिवसांत सोफ्यावर चढायचं टाळत होता का? उचलताना कळवळला होता का? पोट कडक लागत होतं का? पाठ दुखणारा कुत्रा पोट ताणून धरतो आणि घरचे त्याला गॅसचं औषध देतात, हे इतक्या वेळा घडतं की काय सांगावं.

माणसांच्या गोळ्या

ही सगळ्यांत धोकादायक चूक, म्हणून जरा हिशेब मांडू. पाच किलोच्या कुत्र्याला आयब्युप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली, तर किलोमागे ८० मिलिग्रॅम पडतात. हेच प्रमाण ६० किलोच्या माणसाला लावलं तर एका वेळी बारा गोळ्या होतील. शिवाय कुत्र्याचं शरीर हे औषध आपल्यापेक्षा वाईट सहन करतं. पोटात व्रण, रक्ताच्या उलट्या, काळी शी आणि पुढे किडनीला इजा, असा तो प्रवास असतो. डायक्लोफेनॅकचंही तसंच. गिधाडं मरू लागली म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, तरी घरातल्या डब्यात माणसांसाठीची पट्टी असतेच आणि ‘अर्धीच दिली’ असं सांगितलं जातं. पॅरासिटामॉलही डोस चुकला की यकृतावर जातं.

दुसरा सापळा जास्त चोरटा आहे. गल्लीतल्या ओळखीच्या कुणीतरी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी दुसरे डॉक्टर वेदनाशामक देतात. ही दोन औषधं एकत्र आली की आतड्याला भोक पडेपर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून आधी काय दिलंय ते लपवू नका. रागावतील म्हणून न सांगणारे पुष्कळ असतात. रिकामी बाटली, पट्टी, चिठ्ठी, जे असेल ते सोबत न्या.

मालिशबद्दल एकच वाक्य: सरकलेल्या गादीवर दाब देणं आणि पाय ताणणं पहिल्या दिवसांत पूर्ण बंद, तेल कुठलंही असो.

बगलेत धरून उचलणं

पुढच्या पायांखाली हात घालून लहान बाळासारखं उचललं की मागचं सगळं वजन कमरेला लोंबकळतं. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली आणि पाठ जमिनीला समांतर, एवढंच लक्षात ठेवा. दवाखान्यात नेताना मांडीवर घेऊ नका. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात उडते. आंब्याची पेटी, भाजीचा प्लास्टिकचा क्रेट किंवा कपड्यांचा टब घ्या, तळाला जाड पुठ्ठा किंवा लाकडी फळी, वर घडी केलेली चादर, आणि कडेने टॉवेलच्या गुंडाळ्या लावा म्हणजे तो आत घरंगळणार नाही. दुखत असताना मायेचा कुत्राही चावतो, तेव्हा तोंडाजवळ चेहरा नेऊ नका.

‘पाय ओढून घेतो, म्हणजे संवेदना आहे’

इथे जाणत्यांचीही गफलत होते. बोट चिमटल्यावर कुत्र्याने पाय आखडला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण तो झटका मज्जारज्जूच्या खालच्या भागातूनच परत येऊ शकतो, मेंदूपर्यंत काही पोहोचलेलं नसतानाही. डॉक्टर पाहतात ते वेगळं: चिमटा काढल्यावर त्याने मान वळवली का, केकाटला का, चावायला आला का. म्हणजे दुखणं त्याला कळलं का.

सगळा पुढचा अंदाज या एका तपासणीवर उभा असतो. पाय पूर्ण गेलेत पण चिमट्याची वेदना कळते, अशा कुत्र्यांपैकी ऑपरेशननंतर दहातले नऊ पुन्हा चालतात. वेदनाच कळत नसेल तर ऑपरेशन करूनही हे प्रमाण साधारण निम्म्यावर येतं, आणि ऑपरेशन न करता त्याच्याही निम्म्याहून खाली. पहिल्या गटातून दुसऱ्या गटात जायला कधी कधी एक रात्र पुरते. म्हणून रात्री अकराला पाय गेले तर सकाळी दहाच्या ओपीडीची वाट पाहू नका, आधी फोन तरी करा. आणि ही तपासणी घरी स्वतः पुन्हा पुन्हा करू नका. त्यातून नवं काही कळत नाही, फक्त त्याला त्रास होतो.

फोनवर विचारायचा प्रश्न असा: तुमच्याकडे मणक्याचं ऑपरेशन होतं का, आणि नसेल तर कुठे पाठवता? साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होणं हीसुद्धा चूकच. एक्स-रेत हाड दिसतं, मज्जारज्जू दिसत नाही. खरं चित्र एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्ये मिळतं आणि ती सोय मोजक्या ठिकाणीच असते. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तुमच्या डॉक्टरांना तिथे पाठवता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

सगळंच गादीवर ढकलणं

आता उलट बाजू. गादीचं वाचून आलेले लोक बाकी काही ऐकूनच घेत नाहीत, आणि बाकीची यादी लांब आहे.

ताप, पांढऱ्या हिरड्या, लालसर-गडद लघवी, अंगावर गोचिडी: हा कुत्रा पांगळा नसतो, अशक्त असतो. रक्ततपासणी आधी. ऑस्ट्रेलियातल्या पॅरालिसिस टिकचं, म्हणजे लकवा आणणाऱ्या गोचिडीचं, वाचून ‘गोचीड काढली की चालेल’ म्हणणारे भेटतात. ती गोचीड तिथल्या पूर्व किनाऱ्यावरची. आपल्याकडे गोचिडीतून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्तपेशींत वाढणारे जंतू येतात आणि दोन्हींची औषधं वेगळी असतात.

खेळताना एकदम केकाटला, एकच बाजू गेली आणि थोड्या तासांनी पाठ दाबली तरी दुखत नाही, असं असेल तर मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची शक्यता असते. त्याला ऑपरेशन लागत नाही आणि सुधारणा बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत दिसू लागते.

मागचे पाय गेले, मग पुढचेही गेले, भुंकणं बसल्यासारखं झालं, पण शेपटी हलतेय आणि जेवणावर वासना आहे, अशा वेळी नसांच्या मुळांना येणारी सूज आठवावी. २०१८ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी तिचा संबंध कच्च्या चिकनमधल्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूशी जोडला. बरं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. कच्चं चिकन घालत असाल तर डॉक्टरांना सांगा.

दीड किलोचं पॉमेरेनियनचं पिल्लू उपाशीपोटी गळून पडलं तर रक्तातली साखर घसरलेली असू शकते. हिरडीला मध किंवा ग्लुकोज चोळा आणि निघा. पिल्लं पाजणारी छोटी कुत्री थरथरतेय, ताठ झालीय, तर कॅल्शियम घसरलंय आणि हीसुद्धा तातडीच आहे. अधूनमधून तीन पायांवर उडी मारून पुन्हा नीट चालणारा कुत्रा बहुधा गुडघ्याची वाटी सरकवून बसलाय. त्याला दुसऱ्या दिवशी नेलं तरी चालेल.

आणि रेबीज. लसीकरण झालेलं नाही किंवा गेल्या काही महिन्यांत भटक्या कुत्र्याशी झटापट झालीय, आवाज बदललाय, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, तर तोंडात हात घालून ‘घशात काही अडकलंय का’ बघू नका. लाळ लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि स्वतःसाठी दवाखाना गाठा.

बरं वाटतंय म्हणून मोकळं सोडणं

नुसती पाठ दुखतेय किंवा लडखडत का होईना चालतोय, अशा कुत्र्याला पुष्कळदा ऑपरेशन न करताच सांभाळता येतं. पण त्यासाठी निदान चार आठवडे बंदिस्त विश्रांती लागते. ‘घरातल्या घरात फिरतो’ ही विश्रांती नव्हे. पिंजरा, लहान मुलांचं प्लेपेन, नाहीतर दिवाण आणि भिंतीमधला आडोसा. त्यात वळता आणि झोपता येईल एवढीच जागा. शी-शूला पट्ट्याने बांधून, पोटाखाली टॉवेलचा झोका धरून न्यायचं आणि लगेच परत.

घसरण होते ती पाचव्या-सहाव्या दिवशी. वेदनाशामकाने त्याला बरं वाटतं, तो केविलवाणं रडतो आणि आजीला दया येते. दार उघडतं, गुळगुळीत टाइल्सवर तो धावतो आणि अर्धवट सरकलेली गादी पूर्ण बाहेर येते. फरशीवर योगा मॅट किंवा काथ्याची चटई टाका, आणि आजीला आधीच विश्वासात घ्या.

‘शू तर होतेय की’

चादर ओली दिसते म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय असं नाही. बऱ्याचदा ते काठोकाठ भरून ओसंडत असतं. मागे लिहून ठेवलेली वेळ इथे कामी येते: आठ-दहा तासांत मोकळी शू झाली नसेल तर डॉक्टरांना आजच सांगा. पोटावर हात ठेवून मूत्राशय दाबून रिकामं करण्याची पद्धत असते. दिवसातून तीन-चार वेळा करावं लागतं. ती व्हिडिओ बघून शिकू नका, जोर चुकला तर इजा होते. डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवा आणि मगच घरी या.

दर चार-सहा तासांनी कूस बदला, ओलं लगेच पुसा, मागचे केस कापून घ्या. पावसाळ्यात ओल्या त्वचेवर माशी बसली की किडे पडायला वेळ लागत नाही.

वेदना अजिबात कळत नसलेल्या कुत्र्यांपैकी साधारण दहातल्या एकात मज्जारज्जू पुढच्या काही दिवसांत वरच्या दिशेने नासत जातो. पोट सैल पडतं, पुढचे पाय कमजोर होतात, श्वास उथळ होतो. तेव्हा त्याला त्रासातून सोडवणं हाच निर्णय उरतो आणि डॉक्टर तसं स्पष्ट सांगतील. पण ही लक्षणं नसताना पहिल्याच दिवशी ‘झोपवून टाका’ म्हणणं घाईचं आहे. चाकांच्या गाडीवर वर्षानुवर्षं मजेत जगणारी डॅशहाउंड आहेत. गाडी मात्र विश्रांतीचा काळ संपल्यावर, डॉक्टरांनी मोजमाप सांगितल्यावर मागवा. त्याआधी घरात बसून ठरवायची गोष्ट वेगळीच आहे: सकाळी सहाला, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री झोपण्याआधी त्याचं मूत्राशय कोण रिकामं करणार, आणि ती व्यक्ती गावाला गेली तर दुसरं कोण.