शेंगा चटणीचं पाकीट घेणार कोण? मार्केट रिसर्चचे पहिले धडे

मार्केट रिसर्च शिकायचं म्हटलं की बहुतेक जण आधी पायथनचा कोर्स शोधतात. ते नंतर. आधी एक छोटं काम हातात घ्या. समजा, एका बचत गटाला शेंगा चटणीचं २०० ग्रॅमचं पाकीट सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागात विकायचंय. भाव ८० रुपये ठेवायचा की १००, आणि माल किराणा दुकानात द्यायचा की घरपोच, एवढंच त्यांना ठरवायचंय. वहीच्या पहिल्या पानावर हे दोन निर्णय लिहा. ज्या प्रश्नाच्या उत्तराने यातला एकही निर्णय हलणार नाही, तो प्रश्नावलीतून खोडा. तीसचे बारा प्रश्न उरतात आणि मुलाखत दहा मिनिटांत उरकते. त्याहून लांबली की दारात उभा माणूस ‘लिहा हो काहीही’वर येतो.

विचारायला निघण्यापूर्वी दोन दिवस नुसतं बघा. दहा-बारा दुकानांतली पाकिटं, वजन आणि भाव टिपा. भाव १०० ग्रॅममागे काढा, नाहीतर १५० आणि २५० ग्रॅमची तुलना फसते. पॅकिंगची तारीखही उतरवा. दुकानदार ‘जोरात चालते’ म्हणत असेल आणि फळीवर तीन महिन्यांपूर्वीचं पाकीट असेल, तर विश्वास पाकिटावर ठेवा.

खरी माती होते ती माणसं निवडताना. गूगल फॉर्म कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की रातोरात दीडशे उत्तरं येतात, पण ती विशीतल्या पोरांची. घरात चटणी कोण आणतं, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसतं. किती जणांना विचारायचं, यासाठी पुस्तकात ३८४चा आकडा भेटेल: १.९६चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५चा वर्ग. म्हणजे ९५ टक्के खात्री आणि पाच टक्के इकडेतिकडे. गंमत अशी की या सूत्रात शहराची लोकसंख्या नाहीच. २०११च्या जनगणनेतल्या ९,५१,५५८ लोकांच्या सोलापूरला जेवढे लागतात, तेवढेच मुंबईला. २०० जणांवर फरक सात टक्क्यांपर्यंत जातो, १०० जणांवर जवळपास दहा. पण हे गणित चिठ्ठी टाकून निवडलेल्या माणसांनाच लागू. ओळखीपाळखीचे हजार गोळा केले तरी उपयोग नाही.

शिकताना २०० पुरे. नकाशावर गल्ल्यांना क्रमांक द्या, चिठ्ठ्या टाकून २५ निवडा, प्रत्येकीत आठ घरं. शेजारची घरं एकसारखी असतात, म्हणून एकाच गल्लीत चाळीस मुलाखती उरकणं ही फसवणूकच. पहिलं घर चिठ्ठीने ठरवा, मग उजव्या हाताने दर पाचवं. कुलूप दिसलं तर शेजारचं दार वाजवायचा मोह होतो. तो टाळा आणि वेगळ्या वेळी दोनदा परत जा. दुपारी कुलूप असतं ते बहुधा दोघंही नोकरीला जाणाऱ्यांच्या दाराला, आणि तयार चटणी विकत घेण्याची शक्यता त्यांचीच जास्त! एप्रिल-मेमध्ये तसंही पारा चाळीशीपार असतो. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ नंतर फिरा. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतली खरेदी मात्र वर्षभराची धरू नका.

‘हे पाकीट घ्याल का?’ याला लोक भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी विचारा: गेल्या ३० दिवसांत तयार चटणी घेतली का, कुठून, किती ग्रॅम, किती रुपयांना? भावासाठी निम्म्या लोकांना ८० आणि निम्म्यांना १०० दाखवा. दोन्ही भाव एकालाच दाखवले की तो घासाघीस सुरू करतो. कुणाला कोणता भाव, हेही आधीच आलटूनपालटून ठरवा. शंभर-शंभरच्या दोन गटांत ‘नक्की घेईन’ म्हणणाऱ्यांचा फरक १४ टक्क्यांहून कमी असेल, तर तो फरक नशिबाचाही असू शकतो. ‘चव आणि पॅकिंग आवडलं का?’ हे दोन प्रश्न आहेत, वेगळे करा. काम पुढे शहराच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत नेलंत तर तेलुगू प्रश्नावली आधीच लिहून घ्या. दारात तोंडी भाषांतर केलं की प्रत्येक मुलाखतकार वेगळाच प्रश्न विचारतो.

आधी दहा घरांत चाचणी घ्या. जो प्रश्न दोनदा समजावून सांगावा लागतो, तो बदला.

एक्सेलमध्ये एक ओळ म्हणजे एक माणूस. ‘सांगता येत नाही’ला ९९ अंक देण्याची पद्धत आहे, आणि नवशिक्याच्या सरासरीत तोच ९९ वय किंवा रुपये होऊन बसतो, सरासरीआधी तो गाळा. फोन नंबर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. पिव्हट टेबल (गटवार बेरजांचा तक्ता) आणि काउंटइफ्स (अटीत बसणाऱ्या ओळी मोजणारं सूत्र) एवढ्यावर या कामातलं बरंचसं विश्लेषण होतं. गटात तीसपेक्षा कमी माणसं असतील तर टक्केवारी देऊ नका. ‘१२ पैकी ७’ असं लिहा.

शेवटी २०० पैकी २० जणांना दुसऱ्याने फोन करावा. तीनच गोष्टी विचाराव्यात: मुलाखत झाली का, किती वेळ चालली, भाव किती सांगितला होता. एका मुलाखतकाराचे दोन फोन चुकले की त्याच्या सगळ्या मुलाखती पुन्हा तपासायच्या, आणि रिपोर्ट तोवर थांबवायचा.