जुन्या कॅम्पर व्हॅनला एसी बसवताना

मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या वर जाणं नेहमीचंच. 23 मे 2013 ला तर तो 47.9 वर पोहोचला होता. अशा उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या छताचा पत्रा 70 अंशांपर्यंत तापतो. छत 6 चौरस मीटरचं आणि आत 27 अंश हवे असतील, तर नुसत्या पत्र्यातून जवळपास 2000 वॅट उष्णता आत उतरते. त्याच पत्र्याला आतून 25 मिमी फोम नीट चिकटवला की हा आकडा सव्वातीनशेच्या आसपास येतो. म्हणून फोर्स ट्रॅव्हलरसारख्या जुन्या गाडीची कॅम्पर व्हॅन (आत झोपता-राहता येईल अशी गाडी) असेल तर एसीचं मशीन आणण्याआधी फोम आणा. फोमशिवाय 1 टनाचा एसीही भर दुपारी हात टेकतो.

फोम बंद छिद्रांचा घ्या, नायट्राइल रबर किंवा क्रॉस-लिंक पॉलिथिलीन. ग्लासवूल नको. पावसाळ्यात ते ओल धरतं आणि पत्रा आतून गंजतो, बाहेरून काही दिसत नाही. आतलं जुनं अस्तर काढल्यावर गंज वायर ब्रशने घासा, प्राइमर मारा आणि तो पूर्ण वाळल्यावरच फोम चिकटवा. छताच्या आडव्या पट्ट्या उघड्या राहिल्या तर तिथून उष्णता सरळ आत येते, त्यांच्यावर निदान 10 मिमीचा थर द्या. काचांना आतून काळे पडदे लावून फारसा फायदा नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं. चकाकते कव्हर बाहेरून लावता आले तर उत्तम. छताला पांढरा रंग द्या, सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

मग फटी शोधा. रात्री एकाने आत मोठा टॉर्च घेऊन बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून दाराच्या कडा, चाकांवरचे कोपरे, गिअर लिव्हरचा बूट, जुन्या वायरिंगची भोकं पाहावीत. उजेड दिसला तिथून लू आत येते. दाराचं रबर कडक झालं असेल तर नवीन बसवा, जुन्यावर सिलिकॉन लावून ते टिकत नाही.

आता मशीन. इंजिनच्या बेल्टवर चालणारा एसी गाडी चालू असेपर्यंतच गार करतो. त्याचा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरपुढे येतो, त्यामुळे घाटात जुनं इंजिन तापण्याची शक्यता वाढते. झोपण्यासाठी त्याचा उपयोग नाही. घरगुती स्प्लिट बसवणारे बरेच आहेत, पण त्याचे फ्लेअर जॉइंट (तांब्याच्या नळीचं तोंड पसरवून नटने आवळलेले जोड) भिंतीवर स्थिर राहण्यासाठी केलेले असतात. मुरमाच्या रस्त्यावर ते हळूहळू ढिले होतात आणि गॅस निघून जातो. आमच्या मते छतावरचा, एकाच खोक्यातला, ट्रकसाठी मिळतो तसा 24 व्होल्टचा पार्किंग एसी घ्यावा. त्यात गॅस कारखान्यातच भरलेला असतो आणि इन्व्हर्टर लागत नाही. 12 व्होल्टचं मॉडेल टाळा, त्याच कामाला दुप्पट करंट लागतो.

विकत घेताना एक प्रश्न नक्की विचारा: बाहेर किती अंश असताना ही क्षमता मोजली आहे? बहुतेक एसींवरचा आकडा 35 अंशांचा (टी1) असतो. 46 अंशांला मोजलेलं (टी3) मशीन मिळालं तर तेच घ्या. साधं मशीन मेअखेरच्या नवतप्यात गॅसचं प्रेशर वाढून ट्रिप होतं आणि लोक विनाकारण गॅस भरत बसतात. फोम लावलेल्या मध्यम आकाराच्या गाडीला साधारण 2500 वॅट कूलिंग पुरतं.

छत कापण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. उंची आणि वजन दोन्ही बदलतात.

भोकाचं माप मशीनसोबतच्या साच्यावरूनच घ्या. जागा दोन आडव्या पट्ट्यांच्या मध्ये निवडा. पट्टी कापली की छत खाली बसतं आणि पावसाचं पाणी नेमकं एसीभोवती साचतं. मशीन साधारण 30 किलोचं असतं, त्याचा भार नुसत्या पत्र्यावर नको. आतून 25 मिमी स्क्वेअर पाइपची चौकट करून ती दोन्ही पट्ट्यांना बोल्टने पकडवा. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत शीटमेटलचं काम करणाऱ्याकडून ती करून घेता येते. रेषेवर मास्किंग टेप लावा, चार कोपऱ्यांत 12 मिमीची भोकं पाडा आणि बारीक दातांच्या जिगसॉने कापा. लोखंडाचा कीस चुंबकाने आणि मग व्हॅक्यूमने उचला, नाहीतर पहिल्या पावसात छतभर गंजाचे ठिपके उमटतात. कापलेल्या कडेला प्राइमरचे दोन हात द्या.

गॅस्केटखाली व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन लावू नका, ते पत्रा खातं. बाहेरच्या कडेला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लावा. चारही बोल्ट तिरक्या क्रमाने, थोडेथोडे आवळा. गॅस्केट अर्ध्या जाडीपर्यंत दबलं की थांबा. आतलं झाकण लावण्याआधी अर्धा तास पाइपने पाणी मारून बघा. 500 किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा, गॅस्केट बसत जातं तसे ते सैल होतात.

एसीसाठीची बॅटरी 25.6 व्होल्ट 200 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे 5.1 युनिट. रात्री सरासरी 400 वॅट धरले तर आठ तासांना 3.2 युनिट लागतात, म्हणजे सकाळी थोडी शिल्लक राहते. दुपारी मशीन 900 वॅटवर चालतं तेव्हा हीच बॅटरी साडेचार-पाच तासांत उतरते. दुपारचा भरवसा सावलीवर आणि बाहेरच्या वीजजोडणीवर ठेवा. बॅटरीपासून एसीपर्यंतचं अंतर 4 मीटर असेल तर 16 चौरस मिमी तांब्याची केबल वापरा. 6 ची टाकली तर 40 अँपिअरला जवळपास 1 व्होल्ट पडतो आणि बॅटरीत चार्ज असूनही मशीन लो-व्होल्टेज दाखवून बंद होतं. 60 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा. तो एसीजवळ लावला तर मधली केबल घासून शॉर्ट झाल्यावर वाचवायला काहीच उरत नाही.

बॅटरी इंजिनशेजारी किंवा गाडीच्या खाली ठेवू नका. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांचं बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं आतलं सर्किट) सेल 45 ते 55 अंशांच्या वर गेले की चार्जिंग तोडतं. मग ताडोब्याला जाताना चार तास गाडी चालवूनही बॅटरी रिकामीच. सीटखाली, एसीची हवा पोहोचेल अशी जाळी ठेवून बसवा. चालत्या गाडीत चार्जिंगसाठी 12 वरून 24 व्होल्ट करणारा 15 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा. तो जुन्या अल्टरनेटरवर 30 ते 35 अँपिअरचा भार टाकतो. त्याहून मोठा लावला तर जुना अल्टरनेटर तापून जळू शकतो. छतावर सोलर पॅनेल लावणार असाल तर खाली 50 मिमी फट ठेवा, पत्र्याला सावलीही मिळते. मात्र पॅनेल एसीच्या गरम हवेच्या तोंडासमोर येता कामा नये. ती हवा अडली की मशीन स्वतःचीच गरम हवा परत ओढतं.

एसी चालू असताना कूलर लावू नका, त्याची ओल काढण्यातच एसीची ताकद जाते.

बसवून झाल्यावर मशीन वीस मिनिटं चालवा आणि थर्मामीटरने आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजा. फरक 8 ते 12 अंश असला तर काम बरोबर झालं. त्याहून कमी असेल तर आधी फिल्टर बघा, मग कंडेन्सरवरची धूळ, मग गरम हवा परत फिरते आहे का ते. कंडेन्सर आतून बाहेरच्या दिशेने, साध्या नळाच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने त्याचे पातळ पत्र्याचे पंख वाकतात. पंखा नीट फिरतो आहे, कॉइल स्वच्छ आहे आणि तरीही फरक वाढत नाही, तेव्हाच गॅसची तपासणी करा.