थंड प्रदेशातली सिरा कोल्हापुरात घरी कशी चाखावी

आपल्याकडे रेड वाईन म्हटली की बहुतेकदा नाशिककडची शिराझ समोर येते: भरदार, पिकल्या जांभळाच्या वळणाची. हेच द्राक्ष, ज्याला सिराही म्हणतात, थंड हवेत पिकलं की फळाचा गोडवा मागे सरतो आणि काळी मिरी पुढे येते. मला हीच तऱ्हा जास्त भावते. ती नीट कळावी म्हणून थोडी तयारी करावी लागते.

1. बाटली निवडा. सिरा आणि शिराझ हे एकच द्राक्ष. त्याचं माहेर फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्याच्या उत्तर भागात. तिथल्या कोत-रोती आणि एर्मिताज या भागांतल्या वाईन खिशाला जड जातात, सुरुवातीला शेजारच्या क्रोझ-एर्मिताज किंवा सां-जोसेफ घ्या. फ्रेंच बाटलीवर बहुधा द्राक्षाचं नाव नसतंच, प्रदेशाचं असतं, म्हणून ही नावं लिहूनच न्या. न्यूझीलंडची हॉक्स बे किंवा ऑस्ट्रेलियातली यारा व्हॅली मिळाली तरी चालेल. कोल्हापुरात नाही मिळाली तर पुण्यात बघावं लागेल.

लेबलवर अल्कोहोलचा आकडा बघायला विसरू नका. ऊन जास्त लागलं की द्राक्षात साखर वाढते, आंबटपणा उतरतो आणि त्याच साखरेचं पुढे अल्कोहोल होतं. साधारण 12.5 ते 13.5 टक्के असेल तर थंडीतला माल समजा, 14.5 च्या वर गेला तर बहुधा उन्हातला.

2. गार करा. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठी आहे. एप्रिलमधल्या कोल्हापूरच्या खोलीत ती नुसती अल्कोहोलसारखी नाकात चढते. तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवून 15-16 अंशांवर आणा. बर्फ मात्र घालू नका.

3. वास घ्या. ही खरी गंमत. खलबत्त्यात मिरीचे चार दाणे जाडसर कुटा आणि हुंगा. मग ग्लास एक तृतीयांशच भरा, फिरवा आणि त्यात नाक घाला. वास जुळतो, कारण दोन्हींत रोटुंडोन नावाचं एकच द्रव्य असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये ते शिराझमध्ये शोधून काढलं. ते द्राक्षाच्या सालीत असतं आणि थंड हवेत जास्त साठतं. सुमारे पाचातल्या एकाला मात्र हा वास येतच नाही, त्यामुळे पाहुण्याला मिरी जाणवली नाही तर वाद घालू नका. मिरीच्या मागोमाग जांभळ्या फुलांचा, थोडा धुराचा आणि ऑलिव्हचा वास येतो का बघा.

4. घोट घ्या. तोंडात क्षणभर घोळवा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं पाहिजे. तुरटपणा असावा, पण बारीक.

5. जेवण जोडा. तांबडा रस्सा नको! मिरचीचा जाळ तुरटपणाने आणि अल्कोहोलने आणखी भडकतो आणि वाईन कडू लागते. पांढरा रस्सा मात्र छान जमतो: नारळाचं दूध आणि खसखस जीभ शांत ठेवतात, आणि त्यातली मिरी ग्लासातल्या मिरीला भेटते. सोबत कमी तिखटाचं सुकं मटण. शाकाहारी पंगतीला निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरच्या बेताने.

उरलेली वाईन बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. दोन-तीन दिवस टिकते, आणि कोवळी सिरा तर दुसऱ्या दिवशी कित्येकदा जास्त मोकळी होते.